चिकाची वाटणी

आमच्या घरात सगळं सारखं वाटतात. हे मी कौतुकानं सांगत नाही, चिडून सांगतेय. आजोबा गेले तेव्हा माझ्या वडिलांनी आणि त्यांच्या दोन भावांनी अशी वाटणी केली की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. जमिनीचे तीन तुकडे झाले, ते ठीक. पाण्याच्या टाकीला तीन नळ बसले. हातगाडी एकच होती, ती प्रत्येकाकडे दोन-दोन दिवस असायची आणि सातव्या दिवशी भिंतीला टेकून उभी राहायची, कारण सातवा दिवस कुणाचा ते ठरलं नव्हतं. त्या दिवशी घाण पाठीवरून वाहायची, पण गाडीला कुणी हात लावायचा नाही. डुकरिणींसाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि लगोलग त्यांच्या कानांत बिल्ले ठोकले. थोरल्या काकांचे लाल, आमचे निळे, धाकट्या काकांचे पिवळे.

डुकरिणी व्यायची शेड तेवढी एकच राहिली. तिथली ऊब देणारी भट्टी एक होती, ती कापून तीन करता येईना. आणि शेडमध्ये आत्या होती, तिचेही तीन करता येईनात.

आत्याच्या वाट्याला काही आलं नाही. "तिला कशाला हवंय वेगळं, ती तर सगळ्यांचीच आहे," असं थोरले काका म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्या वडिलांनी जरा जास्तच. ती सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची कामं तिची, एवढाच त्याचा अर्थ होता.

ती तिघांहून मोठी. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा आत्याला शाळेतून काढलं आणि हे तीन भाऊ तिच्या कडेवर दिले. मग लग्न झालं, नवरा लवकर गेला, आणि सासरच्यांनी तिला आणून सोडलं ते चहालासुद्धा थांबले नाहीत. आजोबांनी तिला शेडला लागून असलेली खोली दिली. खोलीत एक खाट, एक पत्र्याची पेटी, खुंटीवर रबरी एप्रन, आणि शेडमध्ये उघडणारं एक दार नि एक खिडकी. बाहेरच्या बाजूला नुसतं दार, खिडकीच नव्हती. भिंतीत एक पाडून देतो, असं भाऊ म्हणाले होते एकदा. आत्या म्हणाली, बाहेर बघण्यासारखं काय आहे, तुम्हीच ना?

तिचा आवाज घोगरा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. सगळे तिला मागून फौजदारीण म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. डुकरिणींशी ती जावेशी भांडावं तशी भांडायची. "सरक बयो, बाळंतपण काय जगात तुलाच आलंय?" पण तीच डुकरीण कळा देऊ लागली की आत्या शेजारी उकिडवी बसायची, तिच्या पोटावरून हात फिरवायची आणि इतक्या हळू बोलायची की ही तीच बाई का असं वाटावं. मनगटावर दाताची जुनी खूण होती. विचारलं तर म्हणायची, चूक माझीच, तिचं पिल्लू मी न विचारता उचललं होतं.

माझ्याविषयी एवढंच सांगते की मी मधल्याची मुलगी. खाद्याच्या गिरणीतली नोकरी सोडून घरी आले होते, आणि घरात जिच्याशी माझं पटायचं अशी आत्या एकटीच होती. रागीटपणा मी तिच्याकडूनच घेतला असं आई म्हणते. घेण्यासारखं दुसरं या घरात होतं तरी काय?

गेल्या वर्षी आमच्याकडे डुकरांची हगवण आली. तिचा विषाणू असतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. काल जन्मलेली गुलाबी पिल्लं, सडाला लटकून चुटुचुटु पिणारी, आज दह्यासारखं दूध ओकत होती आणि मागून नुसतं पिवळं पाणी जात होतं. अंगातलं पाणी संपलं की कातडी सैल व्हायची. ती आईच्या पोटाखाली ऊब शोधत एकमेकांवर चढायची आणि तशीच थंड पडायची. मोठ्या जनावरांनी थोडे दिवस खाणं टाकलं आणि पुन्हा ती उभी राहिली. त्या खेपेचं पिल्लू मात्र एक राहिलं नाही. आत्यानं ती बादल्यांतून खड्ड्यापर्यंत वाहिली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं कुणी पुढं आलंही नाही.

नंतर जनावरांचे डॉक्टर आले. शेडमधल्या कट्ट्यावर बसून त्यांनी आत्याला आणि मला समजावलं. माणसाचं मूल आईच्या पोटातूनच थोडी ताकद घेऊन येतं, डुकराचं पिल्लू कोरं येतं. त्याला जे मिळायचं ते आईच्या चिकातून, म्हणजे व्याल्याबरोबर येणाऱ्या पहिल्या दुधातून, आणि मग रोजच्या दुधातून. म्हणून लस पिल्लाला नाही, गाभण आईला द्यायची. व्यायच्या आधी दोनदा, मध्ये काही आठवडे सोडून. मग चिकात ती ताकद उतरते, आणि दूध पोटात जात राहील तोवर रोग आतड्याला धरत नाही. आत्यानं एकच विचारलं: आईचं दूध सोडून दुसरीचं पाजलं तर? डॉक्टर म्हणाले, लस घेतलेल्या दुसरीचं चालेल. न घेतलेलीचं म्हणजे पाणीच.

या वर्षी लस आली, पण पुरी पडेना. रोग सगळीकडेच पसरला होता आणि मागणी फार होती. आमच्या वाट्याला आल्या त्या बाटल्या निम्म्या गाभणींना पुरतील एवढ्याच. डॉक्टरांनी त्या बर्फाच्या डब्यातून आत्याच्या हातात दिल्या आणि बजावलं: निम्म्या निवडा, त्यांना दोन्ही वेळा पूर्ण डोस द्या. अर्धा अर्धा करू नका, अर्ध्यानं फक्त सुई टोचल्याचं समाधान मिळतं.

त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती तिघे भाऊ बसले. आत्या दारात उभी होती, एप्रनसकट, म्हणून तिला कुणी आत बस म्हटलं नाही. थोरले काका म्हणाले, माझ्या डुकरिणी आधी व्यायच्या आहेत, तेव्हा आधी माझ्या. धाकटे काका म्हणाले, मग आम्ही काय टाळ्या वाजवायच्या? प्रत्येकानं आपल्यातल्या निम्म्या निवडाव्यात असंही निघालं, पण निवडायला कुणी तयार होईना. जिला सोडलं तीच नेमकी मेली तर, असं थोरल्यांना वाटायचं, आणि बाटलीत उरलेलं दुसऱ्यानं ओढलं तर, असं धाकट्यांना. चहा तीनदा झाला. आणि मग माझे वडील बोलले. माझे वडील फार चांगले आहेत. आयुष्यात त्यांनी कुणाला दुखावलं नाही, आणि त्यापायी जे जे मोडलं ते त्यांना कधी दिसलं नाही.

"सगळ्यांना अर्धं अर्धं देऊ," ते म्हणाले. "डॉक्टर पुस्तकातलं सांगतात. औषध ते औषध, थोडं तरी लागू पडेलच. कुणाच्या मनाला लागायला नको."

टेबलावरचा ताण असा उतरला की बस. दोघांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. दारातून आत्या म्हणाली, "अर्धाच पूल बांधून नदी ओलांडता येते का रे?" तेव्हा थोरले काका मान न वळवता म्हणाले, ताई, हा आमच्या जनावरांचा प्रश्न आहे, तू फक्त टोच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं आता फौजदारीण टेबल उलटं करणार. पण ती वळली आणि शेडकडे गेली.

टोचायच्या वेळी तिघांपैकी कुणी आलं नाही. गाभण डुकरीण कठड्यात उभी करायची, ती किंचाळणार, अंगावर घाण उडणार, हे त्यांना नको असतं. मी फळी धरून डुकरिणीला कडेला दाबायची आणि आत्या कानामागं, मानेच्या जाड भागात, लांब सुई सरळ घालायची. बाटली तिनं आधी दोन्ही तळव्यांत धरून जरा कोमट केली होती. पहिली सिरिंज तिनं भरली ती पूर्ण खुणेपर्यंत. मी म्हटलं, आत्या, अर्धं ठरलंय.

"ठरवणारे चहा पितायत," ती म्हणाली. "फळी धर."

तिनं निवडल्या त्या सगळ्यांत शांत आणि दुधाळ. कास भरदार, सगळे सड चालू, आणि दुसरीचं पिल्लू अंगाला लागलं तर चावायला न धावणारी. बिल्ल्याचा रंग ती बघतच नव्हती. ज्या सोडल्या त्यांच्या पाठीवर नुसती थाप मारून पुढं जायची. मला तेव्हा कळेना, आणि मी विचारलं की ज्या राहिल्या त्यांच्या पिल्लांचं काय? आत्यानं सुई पुसत सांगितलं की लस वाटली तर वाया जाते, दूध वाटता येतं. या आयांचा चीक काढून त्या आयांच्या पिल्लांना पाजायचा, मग रोज दूध द्यायचं, आणि जमेल तेवढी पिल्लं उचलून यांच्याच पोटाखाली सरकवायची. सगळी नाही वाचणार. पण तिघांच्याही घरात काही ना काही वाचेल.

म्हणजे बघा. टेबलावर तीन पुरुषांना तीन चहांत जी वाटणी सुचली नाही, ती हिला डुकरिणीच्या कासेकडे बघून सुचली होती. संध्याकाळी थोरल्या काकांनी अंगणातून विचारलं, झालं का? ती म्हणाली, झालं. किती ते त्यांनी विचारलं नाही. काही आठवड्यांनी दुसरी खेपही तशीच पार पडली, त्याच डुकरिणींना, पूर्ण.

डुकरिणी व्यायला लागल्या तेव्हा आत्याच्या अंगात काहीतरी संचारलं. कळा चालू असल्या की चीक आपोआप सुटतो. ती स्टीलचा पेला कासेखाली धरून प्रत्येक सडातून थोडा थोडा घ्यायची, घट्ट, पिवळसर, त्या आईच्या पिल्लांना पुरेसा मागं ठेवून. मग बिनसुईची सिरिंज भरून पलीकडच्या रांगेतली ओली पिल्लं एकेक मांडीवर घ्यायची आणि ओठाच्या कडेनं थेंब थेंब सोडायची. ती पिल्लं डोळे मिटून चाटायची. मला आत्याचा चेहरा तेव्हाचा आठवतो. ती हसत नव्हती, पण भांडतही नव्हती, आणि तिच्या बाबतीत हे फार होतं. आठवडाभर असं चाललं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण कुणी फिरकलंच नाही.

मग शेजारच्यांच्या डुकरांत हगवण लागल्याची बातमी आली आणि तिघे भाऊ धावत शेडमध्ये आले. धाकट्या काकांनी पाहिलं ते हे: पिवळ्या बिल्ल्याच्या डुकरिणीचं दूध पेल्यात, आणि पेला लाल बिल्ल्याच्या रांगेत. त्यांनी विचारलं हे काय चाललंय. आत्या खोटं बोलू शकली असती. तिनं तिथंच, हात पुसत, सगळं सांगून टाकलं: अर्धं दिलं नाही, निम्म्यांना पूर्ण दिलं, अमक्या अमक्यांना, आणि आता दूध वाटतेय.

थोरल्या काकांनी आधी आपले लाल बिल्ले शोधले. लस घेतलेल्यांत ते फारच कमी होते. आमचे निळेही बेताचेच. बहुतेक पिवळे निघाले, कारण चिठ्ठीत धाकट्या काकांना दुधाळ डुकरिणी लागल्या होत्या. त्यात त्यांचं कर्तृत्व शून्य. थोरल्यांचा चेहरा काळवंडला आणि धाकट्यांचा हळूहळू उजळत गेला. तो उजेड मी अजून विसरलेली नाही.

"म्हणजे हा चीक माझा आहे," धाकटे काका म्हणाले.

आत्यानं त्यांना समजावलं. आधी नीट, मग आवाज चढवून, मग चक्क विनवून, आणि तिला विनवताना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, तुझ्या पिल्लांचं पोट भरून उरतंय ते घेतेय, तुझं एकही कमी होणार नाही. काका म्हणाले, रोग दारात आलाय, मला एक थेंब बाहेर द्यायचा नाही, उद्या माझ्यातलं एक मेलं तर तू भरून देणार का? गेल्या वर्षी मी रिकामा बसलो तेव्हा कुणी मला काही दिलं? गेल्या वर्षी सगळेच रिकामे बसले होते, द्यायला कुणाकडे काही नव्हतं, पण हे म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत माझे वडील मध्ये पडले.

"त्याचंही बरोबर आहे," ते म्हणाले. "जनावर त्याचं आहे."

लस वाटताना ज्यांना तिघे भाऊ एक दिसत होते त्यांना दूध वाटताना जनावर त्याचं दिसलं. आमची स्वतःची निळी पिल्लं समोर जिभल्या चाटत होती आणि हा माणूस न्याय करत होता. मी त्यांना तसं म्हटलं. ते म्हणाले, मोठ्यांच्यात बोलू नये.

त्याच दिवशी दुपारपर्यंत धाकट्या काकांनी आपल्या सगळ्या व्यालेल्या डुकरिणी आणि पिल्लं अंगणाच्या टोकाला नुकत्याच बांधलेल्या आपल्या नव्या, रिकाम्या शेडमध्ये हलवली. फळ्यांची वाट केली, पिल्लं टोपल्यांत घातली, तिथं उबेला शेगड्या पेटवल्या. आत्यानं खाली सरकवलेली दुसऱ्यांची पिल्लं ओळखून परत केली. लोखंडी जाळीच्या दाराला आतून अडसर घातला आणि जाळीतूनच आत्याला सांगितलं की इकडे यायचं कारण नाही.

जुन्या शेडमध्ये रोग तिसऱ्या की चौथ्या दिवशी आला, कुणाच्या बुटाला लागून ते देव जाणे. लस घेतलेल्या लाल-निळ्या ज्या थोड्या उरल्या होत्या त्यांचं दूध आत्यानं किती जणांना पुरवावं? तिनं ते आटेपर्यंत काढलं. ज्यांनी आठवडाभर पिवळ्या बिल्ल्यांच्या आयांचं दूध प्यायलं होतं ती पिल्लं इतरांपेक्षा थोडी जास्त टिकली, आणि तेच वाईट होतं, कारण तिला आशा वाटत राहिली. ती मीठ-साखरेचं पाणी पाजत होती. पिल्लं गिळत होती आणि ते तसंच मागून जात होतं. पलीकडे, अंगणाच्या त्या टोकाला, नव्या शेडमधून धष्टपुष्ट पिल्लांचा कलकलाट ऐकू यायचा. आत्या एकदा बादली खाली ठेवून तो ऐकत उभी राहिली. मी म्हटलं, जाऊन दार फोडते. ती म्हणाली, आता तिकडे जाऊ नकोस, बुटांना रोग लागलाय तुझ्या. एवढ्या रागातही तिला ते सुचलं.

शेवटी त्या थोड्या डुकरिणींची स्वतःची पिल्लं सोडली तर जुनी शेड रिकामी झाली. आया मात्र भरल्या कासेनं पडून होत्या, ओरडत होत्या.

आणि मग धाकट्या काकांना उपरती झाली. थोरले काका खड्ड्याच्या कडेला बसून रडताना त्यांनी पाहिले म्हणे. काकूही त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. ते स्वयंपाकघरात आले, टेबलाशी बसले आणि म्हणाले, माझी पिल्लं तिघांत सारखी वाटा. तुमच्या आया रिकाम्या आहेत, त्यांच्या अंगाला लावा. थोरल्या काकांनी उठून त्यांना मिठी मारली. माझ्या वडिलांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आईनं चहा टाकला. भाऊ असावेत तर असे, असं सगळेच म्हणाले, आणि टोपल्या घेऊन तिघे उठले.

मी धावत आत्याकडे गेले. ती अंघोळ करून, स्वच्छ कपड्यांत, कित्येक दिवसांत पहिल्यांदाच खाटेवर आडवी झाली होती. मी सांगितलं तशी ती अनवाणी पळत सुटली. नव्या शेडच्या दारात ठेवलेल्या फिनेलच्या पाण्यात पाय बुडवले, आत शिरली आणि लोखंडी दार ओढून अडसर घातला. भाऊ पोचले तेव्हा ती जाळीपलीकडे उभी होती, हातात घाण ओढायचं फावडं.

धाकटे काका हसले. त्यांना वाटलं ताईला कुणी नीट सांगितलंच नाही. म्हणाले, ताई, उघड, माझी आहेत, मीच देतोय.

"एक मिळणार नाही," आत्या म्हणाली.

तिनं जाळीतून सांगितलं. जुन्या शेडमध्ये रोग भिंतीभिंतीला लागलाय. तिथल्या आयांच्या दुधात काही नाही. ही पिल्लं जगतायत ती या आयांचं दूध दर तासाला पोटात जातंय म्हणून. इथून उचलून तिथं लावलीत की दोन दिवसांत खड्ड्यात. द्यायचं तेव्हा दूध द्यायचं होतं. आता द्यायची वेळ गेली.

ऐकून तरी घेतलं का कुणी? थोरले काका म्हणाले, आता कळलं सगळं. लस टोचलीस ती याच्या डुकरिणींना. पिल्लं वाचवलीस ती याची. आणि तो स्वतः देतोय तर तू आडवी येतेस. आयुष्यभर आम्ही तुला सगळ्यांची समजत होतो.

ते शब्द तिला लागले. पण तिचा आवाज जराही हलला नाही. ज्या भावाला तिनं कडेवर वाढवलं त्याला ती म्हणाली, समज काय समजायचं ते, दार उघडणार नाही.

मग माझे वडील पुढं झाले, जाळीला तोंड लावून, हळू आवाजात, समजूत घालायला. म्हणाले, ताई, सगळी नको. दोन-दोन तरी दे. दादाचं मन राखायला.

"दादाचं मन राखायला किती मारू?" आत्या म्हणाली. "आकडा तू सांग. तू चांगला माणूस आहेस, तू सांगितलेल्या आकड्याला कुणी नाही म्हणणार नाही."

वडील मागं सरकले. मी फिनेलच्या पाण्यात पाय बुडवले आणि जाळीला पाठ लावून त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. मग थोरल्या काकांनी टोपली जमिनीवर आपटली आणि ते निघून गेले, त्यांच्यामागून बाकीचे. पिल्लं मिळाली नाहीत याचं दुःख त्यांच्या पाठीवर दिसत नव्हतं. एवढा मोठेपणा केला आणि तो वाया गेला, याचं दुःख होतं ते.

आत्या त्या शेडमध्येच राहिली, खाद्याच्या पोत्यांवर झोपून, पिल्लं दूध तोडेपर्यंत. धाकट्या काकूनं जाळीतून ताट सरकवायचं आणि परत जायचं. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तिघांना बसवून तेच सांगितलं जे आत्यानं सांगितलं होतं. तिघांनी माना डोलावल्या, आणि डॉक्टर फाटकाबाहेर पडताच थोरले काका म्हणाले, डॉक्टरही तिचेच.

पिल्लं वाचली. धाकट्या काकांनी ती विकली, आणि आत्याचे आभार मानले तर दादा दुखावेल म्हणून मानले नाहीत. थोरल्या काकांनी जुन्या शेडला नवं कुलूप घातलं आणि आत्याच्या खोलीतून शेडमध्ये जायचं दारही पलीकडून बंद केलं. तिची ती एकुलती एक खिडकीही त्यांनी पत्र्यानं मारून घेतली. आता ती अंधारात बसते. माझ्या खोलीत ये म्हटलं तर म्हणते, तुझ्या बापाला अवघड जाईल.

परवा जेवताना मी हा विषय काढला. म्हटलं, बाबा, तुम्ही थोरल्या काकांशी बोला. तिनं चूक काय केली ते एकदा मला सांगा. वडील शांतपणे जेवत होते. म्हणाले, चूक कुणाचीच नाही गं. पण माझं ऐकून सगळ्यांना अर्धं अर्धं दिलं असतं तर आज कुणाच्या मनात कुणाबद्दल काही राहिलं नसतं.

"सगळी मेली असती, बाबा," मी म्हटलं. "एकूण एक."

त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि माझ्याकडे प्रेमानं, समजूत घातल्यासारखं पाहिलं.

"हो," ते म्हणाले, "पण सारखी मेली असती."